फुकट लसीचा खर्च

आसनगांव स्थानकाच्या आंत, शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर बालकांस सरकारी लस फुकट टोचतात. परंतु फुकट म्हणजे बिनखर्ची नव्हे. लसीची किंमत हा खर्चाचा एक भाग; दुसरा माणसांचा व थंडाव्याचा. डोंगराळ व आदिवासी भागांत ३००० वस्तीस एक उपकेंद्र असावें, असा शासनाचा दंडक आहे. तेथील परिचारिका लस टोचते, आशाताई घरोघर निरोप देतात. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्यें राखावी लागते; त्यासाठीं वीज, बर्फ, शीतपेटी व वाहन हवें.

गोवराच्या एका कुपींत अनेक मुलांची लस असते. कुपी उघडली कीं ४ तासांनीं उरलेली टाकून द्यावी लागते. मग एकच मूल आलें तर त्यास परत पाठवावें काय? मुळींच नाहीं, एकासाठींही कुपी उघडावी, असाच नियम आहे. कुपीचें मोल मोजतां येतें, मुलाच्या जिवाचें येत नाहीं.

१८०२ सालीं मुंबईंत देशांतील पहिली देवीची लस टोचली गेली. १९८० सालीं देवी जगांतून नाहींशी झाल्याचें जाहीर झालें आणि घरोघर देवी काढण्याचा तो खर्चही थांबला. खरी काटकसर ती हीच. ठरल्या दिवशीं सारीं मुलें केंद्रावर आलीं, तर कुपीही वायां जाणार नाहीं.