यंत्राच्या पडद्याची दोरी : तिचा ताण मोजावा कसा व आवरावा कसा

सज्जांना आणि मोठ्या खिडक्यांना विजेच्या मोटरीवर चालणारे पडदे लावण्याची चाल अलीकडे पुष्कळ घरांतून पडली आहे. कळ दाबली की पडदा उतरतो, पुन्हा दाबली की चढतो. गुडघे धरलेल्या वृद्ध माणसांस ही सोय मोठीच होय. परंतु जुन्या चिकाची दोरी माणूस जेव्हा हाताने ओढीत असे, तेव्हा त्याचा हात एकाच वेळी दोन कामे करीत असे. एक, दोरी ओढण्याचे. दुसरे, किती ओढ लागत आहे हे जाणण्याचे. चिक कोठे अडकला तर हात आपोआप थांबे. दोरी ढिली पडली तर डोळे वर जात. मोटर ह्यांपैकी पहिले काम हातापेक्षा सरस करते. दुसरे मात्र तिला उपजत येत नाही, ते शिकवावे लागते. ते तिला शिकविले आहे की नाही हे पाहणे घरातील कर्त्या माणसाचे काम आहे; कारण त्याच पडद्याखाली आपली नातवंडे खेळत असतात.

सज्ज्याच्या अशा पडद्यास बहुधा दोन प्रकारच्या दोऱ्या असतात. वाऱ्याने पडदा फडफडू नये म्हणून दोन्ही कडांना वरपासून खालपर्यंत एकेक पोलादी तार ताणून बसविलेली असते. पडद्याची खालची दांडी तिच्या आधाराने सरकते. हिला आपण स्थिर तार म्हणू. दुसरी, वरच्या दांड्यावरील फिरकीवर गुंडाळली जाऊन पडदा उचलणारी. ती चालती दोरी. दोहींचा ताण निराळ्या रीतीने पाहावा लागतो.

प्रथम स्थिर तारेचा विचार करू. ‘तार जितकी घट्ट तितकी बरी’ असा पुष्कळांचा समज असतो, आणि पडदा बसविणारा कारागीरही कित्येकदा त्याच समजुतीने पिळा देत राहतो. ही समजूत किती घातक आहे हे परसातील वाळवणाच्या दोरीवरून कळेल. चार मीटर लांबीच्या दोरीच्या मध्यावर दोन किलोंचे ओले धोतर टाकले आणि दोरी तेथे २० सेंटिमीटर खाली आली, तर दोरीतील ताण सुमारे १० किलो असतो. तेच धोतर असता दोरी ५ सेंटिमीटरच खाली यावी असा हट्ट धरला, तर ताण ४० किलो लागतो. झोक मुळीच नको म्हटले, तर जगातील कोणताही ताण पुरणार नाही. तत्पूर्वी भिंतीतील खुंटी उपटून येईल. हिशेबाचा नियम सोपा आहे. मध्यावरील वजनास दोरीच्या लांबीने गुणावे आणि झोकाच्या चौपटीने भागावे. येईल तो ताण. झोक लांबीच्या मानाने लहान असेल तेथवर हा नियम चांगला लागू पडतो.

वारा पडद्यास ढकलतो तेव्हा तारेवर हेच घडते. थोडी लवणारी तार वाऱ्याचा जोर हलक्याने झेलते. न लवणारी तार तोच जोर अनेक पटींनी वाढवून वरच्या व खालच्या बंधनांवर टाकते. शिवाय प्रत्येकी २५ किलो ताणाच्या दोन तारा म्हणजे वरच्या आधारावर पडद्याच्या वजनाखेरीज ५० किलोंची अहोरात्र ओढ. तो आधार पक्क्या भिंतीत अगर स्लॅबमध्ये हवा. शोभेच्या खोट्या छतात तो कधीही घेऊ नये.

हाच नियम उलटा फिरविला की ताण मोजण्याचे साधन घरच्या घरी तयार होते. समजा, तारेची दोन बंधनांमधील लांबी २ मीटर आहे. तिच्या बरोबर मध्यावर स्प्रिंगचा काटा अडकवून तो आडवा, अर्धा किलो दाखवीपर्यंत ओढावा, आणि तार मूळ रेषेपासून किती सरली ते पट्टीने पाहावे. एक सेंटिमीटर सरली असेल तर ताण २५ किलो. दोन सेंटिमीटर सरली असेल तर साडेबारा. येथे एक सावधगिरी राखावी. फार ओढू नये. कारण ओढण्यानेच तार आणखी ताणली जाते आणि मूळच्यापेक्षा अधिक ताण दिसतो. संस्कृतात धनुष्याच्या दोरीस ‘ज्या’ म्हणतात, आणि आर्यभटाच्या काळापासून आपल्या ज्योतिषगणितात कोनाच्या मापनासही तीच संज्ञा रूढ आहे. तार आडवी ओढली असता जो लहानसा कोन होतो, त्याच्या ज्येवरच वरील सारा हिशेब उभा आहे.

दुसरी रीत कानाची. तार छेडली असता तिची कंपने तिची लांबी, वजन आणि ताण ह्यांवर अवलंबून असतात. हे नियम मर्सेन ह्या फ्रेंच विद्वानाने १६३६ साली ग्रंथित केले. ताण चौपट केला की सूर एक सप्तक चढतो. तंबोरा लावणाऱ्यास हे हाताने ठाऊकच असते. तथापि पडद्याची तार जाड व लांब असते. तीन मिलिमीटर जाडीची, २ मीटर लांबीची तार २५ किलो ताणावर सेकंदास जेमतेम वीस कंपने करते, आणि एवढा खर्ज कानास नीट लागत नाही. म्हणून ताण मोजण्यास काट्याचीच रीत घ्यावी. दोन्ही तारा सारख्या आहेत की नाहीत एवढे ताडण्यास मात्र त्या एकामागून एक छेडून त्यांचा थरार बोटाने पाहावा. फरक मोठा असल्यास तो तत्काळ जाणवतो.

आता एकदा बरोबर लावलेला ताण टिकावा कसा? दोन मीटर लांबीची गंजरोधक पोलादी तार उन्हाने २० अंश तापली की सुमारे ०.६ ते ०.७ मिलिमीटर लांबते. हा फरक डोळ्यांस दिसत नाही. परंतु दोन्ही टोके ताठ बांधलेली असल्यास तेवढ्यानेही ताण कित्येक किलोंनी उतरतो, आणि पहाटेच्या गारव्यात तितकाच चढतो. ह्यावर उपाय म्हणजे तारेच्या खालच्या टोकास स्प्रिंग जोडणे. स्प्रिंगची वाढ तिच्यावरील ओढीच्या प्रमाणात असते, हा नियम रॉबर्ट हूक ह्याने १६७८ साली प्रसिद्ध केला. एक सेंटिमीटर वाढीस ५ किलो लागणारी स्प्रिंग ५ सेंटिमीटर ताणून बसविली की तारेत २५ किलो ताण राहतो, आणि उन्हाने होणारा फरक अर्ध्या किलोहूनही कमी भरतो. शिवाय ती स्प्रिंग हेच मापनयंत्र होते. तिच्या शेजारी एक खूण करून ठेवली की पुढे केव्हाही एका दृष्टिक्षेपात ताण कळतो. मात्र आकडा आपल्या मनाने ठरवू नये. पडद्याच्या कारखानदाराने सांगितला असेल तोच राखावा.

चालत्या दोरीची गोष्ट अधिक नाजूक आहे. घड्या पडत वर जाणाऱ्या पडद्यात आरंभी दोरीवर केवळ खालच्या दांडीचे वजन असते, आणि पडदा जसजसा गोळा होतो तसतसे कापडाचे वजन त्यात मिळत जाते. दांडी २ किलोंची व कापड ३ किलोंचे धरले, तर ताण २ किलोंपासून ५ किलोंपर्यंत चढतो. हा ताण मोटरीस कसा कळावा? कारखान्यांतून ह्याकरिता ताणमापक पट्ट्या वापरतात. सिमन्स व रूज ह्या दोघा अमेरिकनांनी १९३८ साली एकमेकांपासून स्वतंत्रपणे त्या शोधून काढल्या. बारीक धातूची तार ताणली गेली की तिचा वीज-अडथळा वाढतो, त्यावरून ओढ मोजतात. घरगुती पडद्यात बहुधा एवढा खर्च करीत नाहीत. तेथे मोटरीच्या विजेवरूनच अनुमान करतात. एकदिश प्रवाहावर चालणाऱ्या मोटरीस जितका जोर लावावा लागतो, त्या मानाने ती अधिक प्रवाह घेते. प्रवाह ठरावीक मर्यादेबाहेर गेला की नियंत्रकाने तिला थांबवावे आणि किंचित उलट फिरवावे.

परंतु ह्या मर्यादेतच एक मेख आहे. वरच्या उदाहरणात पडदा शेवटपर्यंत चढावयास ५ किलो ताण लागतो. म्हणून मर्यादा समजा ६ किलोंवर ठेवली. मग आरंभी, जेव्हा खरा भार २ किलोच आहे, तेव्हा वाटेत अडकलेल्या वस्तूवर आणखी ४ किलोंची ओढ बसेपर्यंत मोटरीस काहीच वावगे वाटणार नाही. चांगले नियंत्रक म्हणूनच एकच मर्यादा ठेवीत नाहीत. पडदा कोणत्या उंचीवर आहे हे पाहून तेथील अपेक्षित भाराशी तुलना करतात. घरच्या विजेवर थेट चालणाऱ्या कित्येक साध्या मोटरींत तर भार ओळखण्याची सोयच नसते. वरच्या व खालच्या टोकास थांबविणारे खटके आणि फार तापल्यास बंद पाडणारा एक खटका, एवढेच त्यांत असते. पडदा विकत घेताना ह्याची विचारपूस अवश्य करावी.

ह्याहून मोठा धोका पडदा उतरताना असतो, आणि तो ताणाचा नव्हे, ताण नाहीसा होण्याचा. दांडीखाली खुर्ची, उशी अगर मुलाचा हात आला, तर दांडी तेथेच टेकते. मोटर मात्र दोरी सोडीतच राहते. तिच्यावरील भार वाढत नाही, उलट घटतो. त्यामुळे जास्त भारावर थांबविणारी व्यवस्था येथे निरुपयोगी ठरते. सुटलेली दोरी फिरकीवरून घसरते, गुंतते, आणि तिचे वेढे खाली लोंबू लागतात. लोंबत्या दोरीचा फास लहान मुलाच्या गळ्यास किती लवकर बसतो, हे पाश्चात्य देशांतील दुर्घटनांनी सिद्ध झाले आहे. अमेरिकेत २०१८ सालच्या प्रमाणाने दुकानांत तयार मिळणारे खिडकीचे पडदे दोरीविरहित, अगर दोरी हातास न लागेल असेच असावेत, असे ठरले, ते ह्याच कारणाने. म्हणून चालत्या दोरीवर ढिलाई ओळखणारा खटका असावाच. दोरी ताणलेली असेपर्यंत तो दबलेला राहतो. ती सैल पडताच तो सुटतो आणि मोटर बंद पडते.

ह्याची परीक्षा घरी सहज होते. पडदा उतरत असता दांडीच्या वाटेत जाड उशी ठेवावी. दांडी टेकल्यावर मोटर लगेच थांबली, तर ठीक. दोरी ढिली होऊन लोंबू लागली, तर तो पडदा दुरुस्त होईपर्यंत वापरू नये, आणि लोंबती दोरी मुलांच्या हातास लागणार नाही अशी वर बांधून ठेवावी. ही परीक्षा कोणीही हाताने करू नये. त्याच वेळी दांडी समतल आहे की नाही तेही पाहावे. एक बाजू खाली दिसली, तर दोन दोऱ्यांची लांबी सारखी राहिलेली नाही आणि बहुतेक सारा भार एकीवरच पडत आहे, असे समजावे. तारेचा एखादा धागा तुटून वर आलेला दिसला, तर पिळा देत न बसता तार बदलावी.

महिन्यातून एकदा दहा मिनिटे एवढ्या तपासणीस पुरतात. स्प्रिंगची खूण, दांडीची पातळी, उशीची परीक्षा आणि तारेचे धागे, ह्या चार गोष्टी एका कागदावर लिहून तो पडद्याच्या कळीजवळ चिकटवावा, आणि तपासणीचे काम घरातील एखाद्या थोरल्या मुलाकडे अगर मुलीकडे सोपवावे. गुणाकार-भागाकार येणाऱ्या कोणत्याही मुलास ते साधेल. आणि पुस्तकातील नियम धाकट्या भावंडाच्या जिवाशी कसा निगडित असतो, हेही त्याला त्यातच उमगेल.