गोशे विकारातील अस्थिहानी

‘हाडे झिजली’ या बोलीतील प्रयोगात दोन भिन्न विकृती एकत्र येतात. फिलिप गोशे यांनी १८८२ साली वर्णिलेल्या आनुवंशिक चयापचय-विकारात हा भेद निर्णायक ठरतो. एका विकराच्या न्यूनतेमुळे विशिष्ट मेदद्रव्य अस्थिमज्जेतील भक्षक पेशींत साचते. त्यायोगे अस्थिघनता घटते, ही पहिली विकृती. रक्तपुरवठा खुंटून मांडीच्या हाडाचे शीर्ष मृत होते, ही दुसरी. १९९१ पासून उपलब्ध असलेल्या विकरोपचाराने पहिली सुधारू शकते. मृत अस्थी मात्र पुनश्च सजीव होत नाही. म्हणून चारकोपमधील एखाद्या प्रौढाच्या दीर्घ अस्थिवेदनेसमवेत प्लीहावृद्धी व प्लेटलेटांची घट आढळल्यास, तीस ‘संधिवात’ न म्हणता विकराची रक्ततपासणी करावी. परळचे के. ई. एम. रुग्णालय हे दुर्मिळ रोगांसाठीचे उत्कृष्टता केंद्र होय. येथे नावातील चूक म्हणजे उपचारातील विलंब.