भंगारवाला रिकाम्या हाताने गेला

भंगारवाला दारात उभा होता आणि सौ. म्हणत होती, "घेऊन जा म्हणावं एकदाचं." प्रश्न १९९९ साली घेतलेल्या आमच्या घरच्या कॉम्प्युटरचा होता. ६४ मेगाबाइट मेमरी, पेटीएवढा मॉनिटर, कित्येक वर्षे माळ्यावर. पैसे ठरले, वायरी गुंडाळल्या, आणि ऐनवेळी मला आठवले, की माझ्या पहिल्या कादंबरीचा मूळ खर्डा सात फ्लॉप्यांवर आहे. फ्लॉपी जाईल अशी फट घरात या एकाच यंत्राला! भंगारवाला गेला. सौ. दोन दिवस बोलली नाही.

यंत्र सुरू झाले, पण त्यातली मूळ प्रणाली अर्ध्यावर येऊन थांबे. भाचा म्हणाला, "मामा, लिनक्स टाकून बघा. युनिक्ससारखंच आहे."

युनिक्स मला परके नव्हते. १९८८ च्या सुमारास आमच्या बँकेच्या विभागीय कार्यालयात युनिक्सवर चालणारे एक यंत्र आले. त्या एकट्याला आठ टर्मिनल्स जोडलेली. आठजण एकाच वेळी नोंदी करीत आणि ते कुरकुरत नसे. कुरकुरायचो आम्हीच, नोकऱ्या जातील म्हणून.

या घराण्याला जुन्या यंत्राचे वावडे नाही, याला कारण आहे. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन यांनी युनिक्सची पहिली मांडणी केली ती कोणी फारसे वापरत नसलेल्या, तेव्हाच जुन्या झालेल्या पीडीपी-७ वर. त्याची मेमरी अठरा बिटांचे जेमतेम आठ हजार शब्द एवढीच. जागाच नव्हती, म्हणून काटकसर आली. पुढे १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने त्याच वळणाचा लिनक्सचा गाभा लिहिला तो घरच्या ३८६ वर. त्या हिशेबाने माझे ६४ मेगाबाइट म्हणजे वाडाच.

भाच्याने 'टायनी कोअर' नावाची छोटी आवृत्ती सीडीवरून चढवली. काळा पडदा आणि लुकलुकणारा कर्सर! पस्तीस वर्षांनी जुना सहकारी भेटावा तसे झाले. फ्लॉप्यांची नक्कल 'डीडी' या आज्ञेने घेतली. न वाचता येणाऱ्या जागी अडून न बसता पुढे जा, असे तिला बजावता येते. सातांपैकी पाच फ्लॉप्या वाचल्या.

पण उघडून बघतो तो मराठीचा पत्ता नाही, नुसती रोमन अक्षरांची खिचडी. त्या काळचे फाँट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवीत. फाँट गेला, की मराठीही गेली. मग 'सेड' हा छोटा प्रोग्रॅम कामाला लावला. हे चिन्ह दिसले की ते घाल, अशी यादीच त्याला द्यायची. खरी मारामारी पहिल्या वेलांटीशी. 'पिशवी' लिहिताना जुन्या फाँटमध्ये वेलांटी आधी आणि 'प' नंतर. आजच्या युनिकोडमध्ये 'प' आधी. रफाराचे नेमके उलटे: तेव्हा 'कर्म'मधला रफार 'म'नंतर, आता 'म'च्या आधी. व्हाउचरच्या आधीच खतावणी झाली, तर ती निस्तरताना जो वैताग येतो तोच हा. यादी शंभरावर ओळींची झाली. तीन आठवडे गेले. (एकदा नक्कल काढल्यावर हे सारे लॅपटॉपवरही करता आले असते, असे भाच्याने नंतर सांगितले. मुले असे नंतरच सांगतात.)

या यंत्राला सगळे जमते असे म्हणणारा माणूस खोटे बोलतो. आजची बँकेची वेबसाइट त्यावर उघडण्याच्या फंदात पडू नये. त्या काळ्या पडद्यावर जोडाक्षरेही नीट उमटत नाहीत, त्यामुळे मजकूर पेनड्राइव्हवर घालून लॅपटॉपवरच वाचावा लागतो. शिवाय १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजणारे युनिक्सचे जुने ३२ बिटी घड्याळ १९ जानेवारी २०३८ रोजी आपल्याकडच्या सकाळी ८ वाजून ४४ मिनिटांनी भरते आणि एकदम डिसेंबर १९०१ दाखवू लागते. लिनक्सच्या गाभ्यात २०२० मध्ये यावर तोड निघाली. वर चालणारे जुने प्रोग्रॅम मात्र तपासावे लागतील. ३१ डिसेंबर १९९९ ची रात्र मी शाखेत काढली आहे. या वेळी ते काम भाच्याचे.

खर्ड्याची चौदा प्रकरणे हाती लागली. छापताना संपादकांनी गाळलेली आईची दोन प्रकरणे न वाचलेल्या फ्लॉप्यांवर आहेत. यंत्र हॉलच्या कोपऱ्यात आहे. रविवारी फ्लॉपीचे हेड साफ करून पुन्हा लावून बघणार आहे.