पत्त्यांतला ‘इंटरप्ट’ : डाव रद्द होत नाही, फक्त थांबतो

हावड्याकडून आलेली गाडी गोंदियाच्या आउटरला थांबली, तर ती रद्द झाली असं कुणी म्हणत नाही. सिग्नल मिळाला की निघणारच. ‘रिडेम्प्शन’ या पत्त्यांच्या खेळातला इंटरप्ट अगदी असाच असतो. नवखे खेळाडू मात्र त्याला ‘रद्द’ समजतात आणि हातातली लढाई घालवून बसतात.

आधी खेळ काय आहे ते बघू. रॉब अँडरसन यांनी बनवलेला, बायबलवर आधारलेला हा खेळ १९९५ मध्ये अमेरिकेत आला. पत्ते जमवायचे आणि त्यातून आपला संच बांधायचा. एक जण नायक घेऊन ‘हरवलेला आत्मा’ सोडवायला निघतो, समोरचा खलपात्र आडवं घालतो. जो आधी पाच आत्मे सोडवेल तो जिंकला. आपल्या सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफासुद्धा देवाधर्माच्याच, १२० गोल पत्त्यांच्या. पण तिथे मोठा पत्ता लहानाला मारतो, विषय संपला. इथे पत्त्यांवर हुकूम छापलेले असतात आणि वाद त्या शब्दांवरून होतात.

आता समजा, समोरच्याने खलपात्रावर पत्ता टाकला : ‘एक नायक बाद करा’. तुमचा एकुलता नायक चालला. तो जाण्याआधी नियम तुम्हाला एक संधी देतो, हा हुकूम अडवणारा पत्ता टाकण्याची.

तुम्ही टाकला : ‘लढाई इंटरप्ट करा, दोन पत्ते घ्या आणि पुढचा पत्ता खेळा’. बाद करण्याचा हुकूम थांबला. दोन पत्ते आले, त्यातला एक तुम्ही खेळलात, पण त्याने खलपात्राला काहीच झालं नाही. मग सिग्नल हिरवा होतो. थांबलेला हुकूम पुन्हा चालू होतो आणि नायक जातो. इथेच ‘मी तर अडवलं होतं’ म्हणून आवाज चढतात. अडवलं होतं हे खरं, पण तेवढ्यापुरतंच.

तोच पत्ता ‘लढाई इंटरप्ट करा आणि खलपात्र बाद करा’ असा असता तर? हुकूम थांबलेला असतानाच तो चालवणारं पात्रच गेलं. आउटरला उभ्या गाडीचं इंजिनच काढून नेलं, तर हिरवा सिग्नल काय कामाचा? हुकूम परत चालू होत नाही, नायक वाचतो. अर्थात खलपात्र जाण्याआधी समोरच्यालाही तशीच अडवण्याची संधी असते.

कायमचं रद्द करायचं असेल तर पत्त्यावर ‘निगेट’ शब्द हवा. आणि समोरच्या पत्त्यावर ‘इंटरप्ट करता येणार नाही’ असं लिहिलेलं असेल, तर तुमचा इंटरप्ट हातातच ठेवा.