पहिला तंबू घेताना



धान घरात आले, मंडईचे पाहुणे परतले, की आपल्या भंडारा जिल्ह्यात फिरण्याचे दिवस सुरू होतात. रावणवाडीला जाऊ, चांदपूरच्या जलाशयावर जाऊ, गायमुखला जाऊ, असे बेत घरोघरी ठरतात. आतापर्यंत सहल म्हणजे सकाळी डबे बांधून निघायचे आणि दिवेलागणीच्या आत परतायचे. आता मुले म्हणतात, रात्री तिथेच राहू, आपण तंबू घेऊ. मोबाइलवर त्यांनी पाहिलेले असते. वडीलही तयार होतात आणि तंबू मागवला जातो. तो बहुतेक वेळा रंग आणि किंमत पाहून. मग पहिल्या रात्री कोणाचे पाय बाहेर, कोणाची गोधडी ओली, आणि घरातली बाई पहाटेपर्यंत जागी. दुसऱ्या वेळी ती म्हणते, तुम्ही जा, मी घरीच बरी. तिची सहल तिथेच संपते.

म्हणून पहिला तंबू निवडताना बाईने पुढे बसावे, असे आम्हाला वाटते. तो कसा निवडायचा, तेच आज सांगणार आहोत.

कापडाखाली रात्र काढणे आपल्याला तसे नवे नाही. रानडुकरे धानात शिरू नयेत म्हणून आपली माणसे जागलीला जातात, मचाणावर ताडपत्री टाकून राहतात. गावाबाहेर भटक्या लोकांची पाले पडतात, तीही आपण पाहतो. पण जागलीला गेलेला माणूस राखायला गेलेला असतो, झोपायला नाही. सहलीच्या तंबूत सासूबाईंपासून धाकट्या लेकरापर्यंत सगळ्यांना झोप लागली पाहिजे. हा फरक मनात ठेवला की निवड सोपी होते.

पहिली गोष्ट आकड्याची. तंबूच्या पिशवीवर लिहिलेले असते, चार माणसांचा. तो आकडा माणसांचा असतो, संसाराचा नसतो. एका माणसाला सुमारे ६० सेंटिमीटर, म्हणजे दोन फूट रुंदी, असा तो हिशेब असतो. चार माणसे खांद्याला खांदा लावून झोपली की तंबू भरला. पिशव्या, पाण्याची कळशी, चपला, लेकराचे कपडे यांना त्यात जागाच धरलेली नसते. म्हणून नवरा-बायको आणि दोन मुले असतील तर पाच किंवा सहा माणसांचा तंबू पाहावा. सोबत आजी येणार असेल तर सहाच्या खाली जाऊ नये.

ही गोष्ट दुकानात कळत नाही, अंगणात कळते. तंबूच्या माहितीत जमिनीचे माप दिलेले असते. समजा २१० सेंटिमीटर लांब आणि २४० सेंटिमीटर रुंद, म्हणजे साधारण सात फूट बाय आठ फूट. तेवढी चौकट अंगणात रांगोळीने आखा. तिच्यात चटया अंथरा आणि घरच्यांना खरोखर झोपायला सांगा. मुले हसतील, हसू द्या. उशीसकट लांबी मोजा. पाय चौकटीला टेकत असतील तर तंबूत ते कापडाला टेकतील, आणि थंडीच्या दिवसांत ते कापड आतून ओले असते. लक्षात घ्या, तंबूच्या भिंती आत झुकलेल्या असतात. कडेला झोपणाऱ्याला चौकटीत दिसते त्याहून कमीच जागा मिळते. चार पैसे खर्च करण्याआधी ही परीक्षा फुकट होते.

दुसरी गोष्ट उंचीची. बुटका तंबू वाऱ्यात चांगला टिकतो, हलका असतो, स्वस्तही असतो. पण त्यात रांगत शिरावे लागते. ज्यांचे गुडघे दुखतात त्या सासूबाईंना रात्री दोनदा उठायचे असेल, किंवा आपल्याला साडी बदलायची असेल, पाळी आली असेल, तान्ह्याला पाजायचे असेल, तर उभे राहता येणारी उंची आणि पूर्ण बंद होणारे दार यांची किंमत कळते. मधोमध सहा फूट उंची असली तर बाई सरळ उभी राहून कपडे बदलू शकते. घरात सगळे तरुण असतील तर बसण्यापुरती उंचीही चालेल. दारे दोन असली तर फार सोय होते. रात्री उठणाऱ्याला झोपलेल्यांच्या अंगावरून जावे लागत नाही.

तिसरी गोष्ट ऋतूची. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर चढतो. तेव्हा दिवसा तंबूत बसणे म्हणजे भट्टीत बसणे. पावसाळ्यात नदीनाल्यांची खात्री नाही, विजांचीही भीती. वीज कडाडायला लागली तर तंबू काहीच आडोसा देत नाही, लगेच पक्क्या इमारतीत किंवा बंद मोटारीत जायचे असते. म्हणून नवख्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच दिवस धरावेत, आणि तंबूही त्याच दिवसांसाठी घ्यावा. बर्फातला महागडा तंबू आपल्याला नको. पण दव झेलणारा आणि अवकाळी सरीत टिकणारा हवा.

आता दवाचे पाहू. भात शिजताना झाकणाला आतून पाणी सुटते ना, तसेच तंबूत होते. चार माणसांच्या श्वासाची वाफ रात्रभर वर जाते, गार कापडाला लागते आणि थेंब होऊन खाली पडते. सकाळी लोक म्हणतात, तंबू गळतो. तो गळत नसतो, तो कोंडलेला असतो. यावर उपाय म्हणजे दुहेरी कापडाचा तंबू. आतला थर जाळीचा आणि पातळ, बाहेरचा थर पाणी अडवणारा, आणि दोन्हींमध्ये बोटभर तरी हवा. वाफ जाळीतून बाहेर जाते, बाहेरच्या थरावर पाणी होते आणि कडेने ओघळून जाते. हवेत भिरकावला की आपोआप उघडणारे स्वस्त तंबू बहुधा एकेरी कापडाचे असतात. दुपारच्या सावलीला ते छान. पौषातल्या रात्री चार माणसांना ते सुखाचे नाहीत.

पाणी किती अडते, याचाही आकडा मिलिमीटरमध्ये दिलेला असतो. त्याचा अर्थ सोपा आहे. कापडावर पाण्याचा उभा स्तंभ धरला तर तो किती उंच होईपर्यंत पाणी पाझरत नाही, ते हे माप. २००० मिलिमीटर म्हणजे दोन मीटर उंच पाणी. वरच्या कापडाला १५०० ते २००० असले तर आपल्या थंडीतल्या सरींना पुरते. जमिनीच्या कापडाला जास्त हवे, ३००० च्या आसपास. कारण त्यावर आपण बसतो, गुडघे टेकतो, आणि त्या दाबाने ओल वर येते. शिवण उलटी करून पाहा. तिच्यावर आतून पारदर्शक पट्टी चिकटवलेली असावी. नसेल तर सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी येईल.

चौथी गोष्ट आम्ही सगळ्यांत महत्त्वाची मानतो, ती म्हणजे तंबूचा तळ. तळ भिंतींना शिवलेला असावा आणि कडा परातीसारख्या चारही बाजूंनी वर वळलेल्या असाव्यात. त्यामुळे पाणी आत येत नाही, आणि सापही येत नाही. मण्यार हा साप रात्री फिरतो. जमिनीवर झोपलेल्या माणसाला तो चावला तर बऱ्याचदा दुखतही नाही, आणि माणसाला वेळेवर कळत नाही. २००० ते २०१९ या काळात आपल्या देशात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसे गेली, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात आहे. शिवलेला तळ आणि शेवटपर्यंत लागणारी चेन हे त्यावरचे साधे राखण आहे. म्हणून दुकानात चेन दहा वेळा उघडून लावून पाहा. कापडात अडकत असेल तर तो तंबू ठेवून द्या. आत शिरल्यावर चेन लावायची सवय मुलांना पहिल्याच दिवशी लावा. आणि दंशाची नुसती शंका आली तरी झाडफुकीत वेळ न घालवता १०८ ला फोन करून सरकारी दवाखाना गाठा.

पाचवी गोष्ट काठ्या आणि खुंट्यांची. स्वस्त तंबूत फायबरच्या काठ्या असतात. त्या चालतात, पण जुन्या झाल्या की उभ्या चिरतात आणि त्यांचे कूस हातात घुसतात. ॲल्युमिनियमच्या काठ्या हलक्या आणि टिकाऊ, पण महाग. वर्षातून दोन-तीनदा जाणाऱ्यांना फायबर पुरे. मात्र दोन काठ्या एकमेकींवरून जाऊन घुमट होतो, असाच प्रकार घ्या. तो खुंट्यांवाचूनही उभा राहतो. आपल्याकडची मुरमाड जमीन खुंटीला दाद देत नाही, आणि कन्हार वाळली की दगडासारखी होते. खुंट्या मात्र तरीही ठोकायच्याच, नाहीतर वारा रिकामा तंबू उचलून तलावात टाकेल. सोबतच्या तारेच्या खुंट्या वाकतात. लोहाराकडून वीतभर लांबीच्या आठ-दहा जाड खुंट्या करून घेतल्या तर त्या जन्मभर पुरतील. कापलेल्या बांधीत तंबू लावणार असाल तर धानाची धसकटे तळाला भोके पाडतात. खाली ताडपत्री घाला. ती तंबूपेक्षा थोडी लहान असू द्या. बाहेर राहिली तर तिच्यावरचे पाणी घरंगळत थेट तुमच्या अंथरुणाखाली येईल.

सहावी गोष्ट, तंबू न्यायचा कसा. मोटार असेल तर वजनाचा प्रश्न नाही. एसटीने किंवा मोटारसायकलने जाणार असाल तर पिशवी उचलून पाहा. उभे राहता येणारे मोठे तंबू दहा किलोच्या वर जातात. अशा वेळी एका मोठ्याऐवजी दोन लहान तंबू बरे पडतात. एकात आई आणि मुली, दुसऱ्यात बाकीचे. ओझेही वाटून घेता येते.

तंबूपुढे छोटी सपरी असली तर चपला आणि पिशव्या तिथे राहतात. पण एक गोष्ट कायमची लक्षात ठेवा. तंबूत शेगडी, कोळसे, गॅस, काहीही पेटवायचे नाही. स्वयंपाकासाठी नाही, उबेसाठीही नाही. कापड पेटते हा एक धोका. दुसरा धोका दिसत नाही. जळताना निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो, आणि झोपलेला माणूस उठतच नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळातल्या दामन इथे केरळमधले आठ पर्यटक एका बंद खोलीत गॅसचा हीटर लावून झोपले आणि सकाळी उठले नाहीत. त्यांत चार लहान मुले होती. खोलीत असे होते, तर तंबू त्याहून लहान. थंडी वाजली तर खाली तणसाची गादी करा, त्यावर चटई आणि गोधडी. अंगावरच्या पांघरुणाइतकीच खालची गादी महत्त्वाची असते, कारण जमीन रात्रभर अंगातली ऊब ओढत असते.

तंबू चांगला असला तरी जागा चुकली तर त्याचा उपयोग नाही. वैनगंगेच्या पात्रात आणि धरणाच्या खालच्या अंगाला तंबू नको. गोसीखुर्दला ३३ दरवाजे आहेत. ते उघडले की खालचे पाणी वाढते. २०२० च्या ऑगस्टअखेरीस वरच्या धरणांतून आलेल्या पाण्याने भंडारा शहराच्या वस्त्यांत पूर शिरला होता, हे आपण विसरलेलो नाही. मामा तलावाच्या पाळीवर ढोरे पाणी प्यायला येतात, रात्री जंगली जनावरेही येतात, तीही जागा सोडा. कोका अभयारण्य आणि नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प आपल्या शेजारी आहेत. तिथे परवानगीशिवाय जाताच येत नाही, मग राहणे दूरच. जंगलाला लागून उघड्यावर राहू नका. माणसांची वस्ती, कुंपण आणि शौचालय असलेली जागा निवडा आणि जाण्याआधी परवानगी विचारा.

पैशांबद्दल सांगतो. वर्षातून दोन रात्रींसाठी एका घराने तंबू घ्यावाच असे नाही. बचत गटातल्या पाच-सहा जणींनी मिळून एक चांगला तंबू घेतला आणि पाळीपाळीने वापरला, तर प्रत्येकीला थोड्या पैशांत दुहेरी कापडाचा मिळेल. वहीत नोंद ठेवा, परत करताना खुंट्या मोजून घ्या, आणि ओला तंबू कधीच गुंडाळून देऊ नका. दोन दिवस दोरीवर सावलीत वाळवला नाही तर बुरशी धरतो, आणि तो वास जात नाही.

तंबू घरी आला की परत करण्याची मुदत संपायच्या आत अंगणात लावा. उजेडात एकदा, अंधारात एकदा. वरून बादलीभर पाणी ओता आणि आत हात फिरवून पाहा. मग एक रात्र सगळ्यांनी त्यातच झोपा. काय कमी पडते ते तिथेच कळेल, आणि अडचण आली तर घराचे दार दहा पावलांवर आहे. सकाळी सगळ्यांना एकच विचारा, झोप लागली का? सगळे हो म्हणाले, आणि त्या सगळ्यांत तुम्हीही असलात, तर तो तंबू तुमच्या घराचा. नाहीतर तो परत करा आणि दुसरा पाहा.

येतो मैत्रिणींनो. नमस्कार.