कार्ड चाललं म्हणजे जुळलं, असं नाही

पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर चढलं की भामरागडचा आल्लापल्लीकडचा रस्ता बंद, हे इथल्या माणसांनी वर्षानुवर्षं अनुभवलंय. अशा गावात ऐनवेळी दगा दिलेलं मेमरी कार्ड लगेच बदलून मिळत नाही. म्हणून कार्डाबद्दलचे काही समज आधीच दुरुस्त केलेले बरे.

पाकिटावर ठळक छापलेला ‘१०० एमबी’ म्हणजे कार्डाचा वेग, असं बहुतेकजण धरून चालतात. तो सहसा वाचण्याचा कमाल वेग असतो. व्हिडिओला लागतो लिहिण्याचा किमान वेग, आणि त्याची हमी कार्डावरच्या बारीक खुणांत असते. सी अक्षराच्या पोटात १० असेल तर सेकंदाला किमान १० एमबी. यू अक्षरातला १ म्हणजेही १०. यूमधला ३ किंवा व्ही३० म्हणजे ३०.

पण खूण आहे म्हणून हमी मिळालीच, हा त्याहून मोठा गैरसमज. हमी कार्ड आणि ते जिथे घालतो ती खाच, दोन्हींची मिळून असते. लिनक्स असलेल्या लॅपटॉपच्या अंगच्या खाचेत कार्ड घाला, टर्मिनल उघडून ‘डीमेसेज’ ही कमांड द्या आणि शेवटच्या ओळी वाचा. त्यांत ‘एसडीआर१०४’ असं आलं तर जोडी जमली. यू३चं कार्ड असूनही नुसतं ‘न्यू हाय स्पीड’ आलं, तर वाट सेकंदाला २५ एमबीचीच. तिथून ३० जाणार कसे? अशा वेळी बहुधा कार्डात खोट नसते, खाच जुनी असते. यूएसबी रीडर लावला तर ही ओळ दिसत नाही. आणि हा निकाल लॅपटॉपपुरता; कॅमेऱ्याला काय चालतं ते त्याच्याच माहितीपुस्तिकेत बघायचं.

  

‘६४ जीबी दाखवतंय म्हणजे आहेच’ हा समज मला सर्वांत घातक वाटतो. बनावट कार्ड खोटा आकडा सांगतं आणि खरी जागा संपली की फोटो मुकाट्याने गमावतं. २०१८च्या व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते. ३ कोटी ४८ लाखांवर फोटो आले, त्यांत वाघाचे ७६,६५१. इतक्या दुर्मीळ फोटोसाठी जंगलात महिनाभर टांगायच्या कॅमेऱ्यात कार्ड न तपासता घालणं मला पटत नाही.

तपासायला ‘एफ३’ हे मोफत साधन आहे. रिकाम्या कार्डावर ‘एफ३राइट’ चालवा. ते कार्ड काठोकाठ भरतं आणि लिहिण्याचा सरासरी वेगही सांगतं. मग ‘एफ३रीड’ चालवा. ‘डेटा लॉस्ट’पुढे शून्य हवं. सेकंदाला १० एमबीने ६४ जीबी भरायला पावणेदोन तास लागतात, वाचायचा वेळ वेगळा. तेव्हा वीज असताना लावून ठेवा. झालं की त्याने बनवलेल्या फाइली आठवणीने पुसा, नाहीतर कॅमेऱ्याला कार्ड भरलेलंच दिसेल.