टाचेतला थेंब

"मॅडम, यातली सगळ्यांत चांगली पद्धत कोणती?" पिंपरीतल्या आमच्या प्रयोगशाळेत रक्तातून डीएनए काढायला शिकणारी मुलं पहिल्याच दिवशी मला हा प्रश्न विचारतात.

रक्तातल्या तांबड्या पेशींना केंद्रक नसतं; म्हणून डीएनए मिळतो तो पांढऱ्या पेशींतून. त्या फोडायच्या, प्रथिनं बाजूला सारायची आणि धागा वेचायचा, एवढंच काम. जुन्या फिनॉल-क्लोरोफॉर्मच्या पद्धतीनं डीएनए लख्ख निघतो. पण फिनॉल कातडी भाजतं आणि वेळही फार जातो. 1988 साली मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साध्या मिठाची पद्धत मांडली. मिठाच्या संपृक्त द्रावणानं प्रथिनं गोळा होऊन तळाशी बसतात. वरच्या नितळ पाण्यात अल्कोहोल सोडलं, की रुईच्या म्हातारीसारखा पांढरा पुंजका तरंगू लागतो. काम स्वस्त आणि निर्धोक. सिलिकाच्या नळीनं ते आणखी झटपट होतं. पण दर नमुन्याला नवी नळी, म्हणजे खर्च आलाच.

एवढं सांगून झालं, की मी मुलांना भोसरीची गोष्ट सांगते.

तिथल्या एमआयडीसीत, कारखान्यांच्या शेजारी, 1992 साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. एचआयव्ही पांढऱ्या पेशीत शिरतो आणि आपला मजकूर तिच्याच डीएनएत लिहून ठेवतो. बाधित आईची प्रतिपिंडं बाळाच्या अंगात दीड वर्षापर्यंत राहू शकतात. त्यामुळे नेहमीच्या चाचणीतून बाळाचं खरं कळत नाही. आणि औषध मिळालं नाही, तर बाधित बाळांपैकी जवळजवळ निम्मी दोन वर्षांची होण्याआधीच दगावतात. मग वाट कशी पाहायची?

2010 साली देशात सहाव्या आठवड्यातच बाळाचा डीएनए तपासण्याचा कार्यक्रम सुरू झाला. त्यात भोसरीची प्रयोगशाळाही होती. बाळाच्या टाचेला टोचून काही थेंब जाड टिपकागदावर घ्यायचे, सुकवायचे आणि पाकिटातून पाठवायचे. बर्फाची गरज नाही. त्या ठिपक्यातून डीएनए निघतो तो जेमतेम. कागद धुऊन चेलेक्स नावाच्या राळेबरोबर उकळला, तरी काम भागतं. तो लख्ख नसतो. पण पीसीआरनं त्याच्या असंख्य प्रती काढता येतात आणि विषाणूचा मजकूर असला तर सापडतो.

मोठ्या माणसाकडून नळीभर रक्त मागता येतं. दीड महिन्याच्या बाळाकडे मागायचे ते थेंबच. म्हणून मी मुलांना म्हणते, पद्धत कोणती ते नंतर ठरवू. आधी रक्त कुणाचं आहे ते विचारा.